अमूर्त रेखांकनाचे वाचन : नसरीन मोहमदी यांच्या रेखाकृतींच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

आधुनिक दृश्यकलेच्या सर्व प्रकारांत अमूर्त रेखांकन हा प्रकार सामान्य सुशिक्षित वाचकाला सर्वाधिक दूरचा वाटतो. अमूर्त रंगचित्रात निदान रंगाचे आकर्षण असते. अमूर्त शिल्पाभोवती फिरता येते, त्याचे वजन आणि पोत जाणवतो. रेखांकनात मात्र कागद आणि काही रेषा एवढेच समोर असते. अशा कृतीपुढे उभे राहिल्यावर दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. 'यात काहीच नाही' ही पहिली, आणि 'यात ज्याला जे दिसेल ते खरे' ही दुसरी. पहिली प्रतिक्रिया कृतीला अर्थ नाकारते, तर दुसरी तिला वाटेल तो अर्थ बहाल करते. वरकरणी त्या परस्परविरोधी असल्या तरी दोहोंचा परिणाम एकच होतो : कृतीकडे प्रत्यक्ष पाहण्याचे राहून जाते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कलारसिकांचा नाही. भाषा, गणित, समाजशास्त्र वा विज्ञान यांपैकी कोणताही विषय शिकविताना आपण विद्यार्थ्याला अमूर्त संकल्पनेपर्यंत नेत असतो. अमूर्ताचे वाचन करता येणे ही सर्वच ज्ञानशाखांना लागणारी क्षमता आहे. प्रस्तुत लेखात नसरीन मोहमदी (1937-1990) यांच्या रेखाकृतींच्या आधारे अमूर्त रेखांकन कसे वाचावे याचे विवेचन केले आहे. त्यासाठी प्रथम ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्या रेखांकनांचा संदर्भ घेतला असून, विवेचनाच्या ओघात सोलापूरच्या वाचकाला परिचित असलेल्या विणकामाच्या व्यवहाराचाही आधार घेतला आहे.

संज्ञांची निश्चिती

मराठीत 'रेखाटन', 'आराखडा' आणि 'रेखांकन' हे शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात. प्रस्तुत विवेचनापुरता त्यांत पुढीलप्रमाणे भेद केला आहे. डोळ्यांसमोरील वस्तूची झटपट नोंद म्हणजे रेखाटन. पुढे घडवावयाच्या वस्तूची पूर्वयोजना म्हणजे आराखडा. आणि ज्यात रेषा हीच अंतिम अभिव्यक्ती असते, जिच्यापुढे दुसरी कोणतीही कृती अपेक्षित नसते, ते रेखांकन.

'अमूर्त' हा शब्दही थोडा उलगडून पाहावा लागतो. 'मूर्त' म्हणजे ज्याला आकार आहे, जे इंद्रियगोचर आहे. 'मूर्ती' हा शब्द त्याच धातूपासून आला. 'अमूर्त' म्हणजे आकाररहित असा शब्दशः अर्थ घेतल्यास 'अमूर्त चित्र' किंवा 'अमूर्त शिल्प' हा वदतोव्याघात ठरेल, कारण चित्राला आणि शिल्पाला आकार असतोच. दृश्यकलेत या संज्ञेचा अर्थ वेगळा आहे. जी कृती एखाद्या ओळखीच्या वस्तूचे चित्रण करीत नाही, ती अमूर्त. त्यातही दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात कलावंत झाड, देह, डोंगर अशा दृश्य वस्तूपासून आरंभ करतो आणि तपशील वजा करीत सारापर्यंत येतो. दुसऱ्या प्रकारात आरंभालाच वस्तू नसते. रेषा, रंग, अवकाश यांच्या परस्परसंबंधांतूनच कृती उभी राहते. नागपूर येथे जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924-2001) आपल्या चित्रांसाठी 'अमूर्त' या शब्दाऐवजी 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाची संज्ञा पसंत करीत, ती याच कारणाने. नसरीन मोहमदी यांचा प्रवास पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे झालेला दिसतो.

शिल्पकाराचे रेखांकन : बार्बरा हेपवर्थ

शिल्पकाराने काढलेले रेखांकन म्हणजे शिल्पाचा आराखडा, अशी समजूत सर्वत्र आढळते. बार्बरा हेपवर्थ (1903-1975) यांचे उदाहरण या समजुतीला छेद देते. इंग्लंडमधील वेकफील्ड येथे जन्मलेल्या हेपवर्थ यांनी लीड्स आणि लंडन येथे शिक्षण घेतले. दगड व लाकूड प्रत्यक्ष कोरून शिल्प घडविण्याची पद्धती त्यांनी अंगीकारली आणि 1930 च्या दशकाच्या प्रारंभी शिल्पाच्या घनाकाराला आरपार छिद्र पाडून आतील पोकळीलाही आकाराचे स्थान दिले. 1939 च्या ऑगस्टमध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या केवळ काही दिवस आधी, त्या पती बेन निकल्सन आणि 1934 साली जन्मलेल्या तिळ्या मुलांसह कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्हज परिसरात राहावयास गेल्या.

युद्धाच्या पहिल्या वर्षांत कोरीव कामाला जागा, साहित्य आणि वेळ या तिन्ही गोष्टींचा अभाव होता. दिवस मुलांच्या संगोपनात आणि भाजीपाला पिकविण्यात जाई. रात्री जो वेळ उरे त्यात त्यांनी रेखांकने केली. 1940 ते 1942 या काळातील या रेखांकनांत स्फटिकासारखे आकार दिसतात. पेन्सिलीने ओढलेल्या सरळ रेषा एकमेकींना छेदत जातात आणि त्या छेदांतून वक्र पृष्ठाचा भास निर्माण होतो. मधूनच एखादा भाग रंगाने भरलेला असतो. याच सुमारास त्यांच्या शिल्पांत ताणलेले दोरे येऊ लागले होते. पोकळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेले दोरे आणि कागदावरील रेषा यांचे तत्त्व एकच आहे. गणिताच्या अध्यापकांना हे तत्त्व परिचित आहे. सरळ रेषा ठरावीक क्रमाने सरकवीत नेल्यास त्यांच्या समूहातून वक्र पृष्ठ तयार होते. एकही रेषा वक्र नसताना डोळ्याला वक्रता दिसते.

यातील अनेक रेखांकनांना हेपवर्थ यांनी 'शिल्पासाठी रेखांकन' अशा आशयाची शीर्षके दिली असली, तरी ती कोणत्याही एका शिल्पाची मापे सांगणारी नाहीत. शिल्प घडविता येत नव्हते त्या काळात घनता, पोकळी आणि ताण यांविषयीचा विचार त्यांनी कागदावर चालू ठेवला. पुढे शल्यचिकित्सक नॉर्मन केपनर यांच्या निमंत्रणावरून त्यांनी शस्त्रक्रियागृहात बसून निरीक्षण केले आणि 1947 ते 1949 या काळात शस्त्रक्रियेची चित्रमालिका केली. त्यात माणसे स्पष्ट ओळखू येतात. अमूर्त शिल्पे घडविणारी कलावती मानवी हातांच्या एकाग्रतेकडे वळली, आणि तिला या दोहोंत विसंगती वाटली नाही, ही बाब लक्षणीय आहे. डॉक्टरांच्या हातांतील समन्वय आणि शिल्पातील आकारांचा समन्वय हा तिच्या लेखी एकाच शोधाचा भाग होता.

महाराष्ट्रात आधुनिक शिल्पकलेच्या क्षेत्रात याच तोडीच्या जिद्दीने वावरलेली स्त्री म्हणून पिलू पोचखानवाला (1923-1986) यांचा उल्लेख करावा लागतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधर असलेल्या पिलू जाहिरातीच्या व्यवसायात होत्या. 1951 साली युरोपचा प्रवास घडला आणि त्यानंतर त्या शिल्पकलेकडे वळल्या. शिल्पकार ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ओतीव धातू, पत्रा, भंगारातील लोखंड अशा साहित्यातून त्यांनी अमूर्त शिल्पे घडविली. मुंबईतील सर कावसजी जहांगीर सभागृहाचे कलादालनात रूपांतर व्हावे यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 1996 साली, त्याच वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले.

नसरीन मोहमदी : संक्षिप्त परिचय

नसरीन मोहमदी शिल्पकार नव्हत्या. तथापि हेपवर्थ यांच्या रेखांकनांतून जो प्रश्न उभा राहतो, की कागदावरील सरळ रेषेने अवकाश कसा निर्माण करावा, त्या प्रश्नाचा आपल्याकडील सर्वांत सातत्यपूर्ण पाठपुरावा त्यांनीच केला.

त्यांचा जन्म 1937 साली कराची येथे झाला. 1944 मध्ये कुटुंब मुंबईस आले. 1954 ते 1957 या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्ट येथे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांचा मुंबईतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटशी संबंध आला. चित्रकार, नाट्यकर्मी व संगीतज्ञ एकाच वास्तूत काम करीत असलेले ते त्या काळातील एक विलक्षण केंद्र होते. तेथे त्यांचा गायतोंडे यांच्याशी परिचय झाला. पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आणि तय्यब मेहता हेही त्यांच्या निकटच्या वर्तुळातील होते. 1961 ते 1963 या काळात त्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये होत्या. 1972 पासून त्यांनी बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत अध्यापन केले. अखेरच्या काळात अलिबागजवळील किहीम येथे समुद्रकिनारी त्यांचे वास्तव्य होते. तेथेच 1990 साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आरंभीच्या कृतींत वनस्पती, समुद्र, वाळवंट यांच्या खुणा ओळखता येतात. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी या खुणा लोपल्या आणि केवळ रेषा उरली. या काळापासून त्यांनी प्रामुख्याने कागद, शाई व पेन्सिल एवढेच साहित्य वापरले. वास्तुविशारद वापरतात ती आरेखनाची उपकरणे त्यांच्या हाती होती. आपल्या रेखांकनांना त्यांनी शीर्षके दिली नाहीत, त्यांवर सहसा तारखाही घातल्या नाहीत. त्यामुळे या कृतींचा कालक्रम अभ्यासकांना मुख्यतः शैलीवरून ठरवावा लागतो. हे अवघड असले तरी वाचकाच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे. शीर्षकाचा आधार नसल्याने त्याला थेट रेषांकडेच जावे लागते.

जाळीच्या रेखाकृती : एक वाचन

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील त्यांच्या रेखांकनांचा मूळ घटक म्हणजे आडव्या व उभ्या रेषांची जाळी. अशी कृती दुरून पाहिल्यास करड्या छटांचे सपाट पट्टे दिसतात. जवळ गेल्यावर लक्षात येते की करडा रंग कोठेच भरलेला नाही. बारीक काळ्या रेषा आणि त्यांच्यामधील कागदाचा पांढरेपणा यांच्या प्रमाणावरून डोळाच करडी छटा तयार करतो.

येथे रेखांकनाचे एक मूलभूत तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. कागदावर गडद-फिकेपणा दोन मार्गांनी आणता येतो. रेषेची जाडी वा दाब बदलणे हा पहिला मार्ग, आणि रेषांमधील अंतर बदलणे हा दुसरा. नसरीन दोन्हींचा वापर करतात, परंतु त्यांचा विशेष दुसऱ्यात आहे. दोन रेषांतील अंतर एकसारखे ठेवल्यास पृष्ठभाग सपाट व स्थिर दिसतो. तेच अंतर क्रमाक्रमाने कमी करीत नेल्यास पृष्ठभाग वळल्यासारखा अथवा दूर गेल्यासारखा भासतो. म्हणजे रेषा स्वतः जागची हलत नसली तरी अंतराच्या क्रमातून गती व खोली निर्माण होते. संगीतात ज्याप्रमाणे स्वर तोच राहून दोन स्वरांमधील काळाचे अंतर बदलले की लय पालटते, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी लक्षणीय बाब म्हणजे खंड. जाळीतील काही रेषा अपेक्षित ठिकाणी पोहोचत नाहीत. एखादी मध्येच थांबते आणि थोड्या अंतरावर पुन्हा सुरू होते. एखादी दुसरीपेक्षा किंचित फिकट असते. यंत्राने काढलेल्या जाळीत प्रत्येक चौकोन दुसऱ्यासारखा असतो, त्यामुळे एक कोपरा पाहिला की सर्व पाहिल्यासारखे होते. येथे तसे होत नाही. नियम डोळ्याला उमगतो आणि लगेच तो मोडलेला आढळतो, म्हणून नजर पुढे सरकत राहते. कृतीचा अनुभव हा या सरकण्यातच आहे. 'यात काय आहे' याऐवजी 'माझी नजर कोठून कोठे गेली आणि कोठे अडखळली' असे विचारल्यास उत्तर मिळू लागते.

ताणा आणि बाणा

नसरीन यांनी आयुष्यभर छायाचित्रेही काढली, मात्र ती हयातीत प्रदर्शित केली नाहीत. फत्तेपूर सिक्रीचे दगडी चौक, चंदीगडच्या इमारती, रस्त्यांवरील पट्टे, समुद्राच्या ओहोटीने वाळूवर उमटलेल्या रेघा हे त्यांच्या छायाचित्रांचे विषय. विणकामासाठी ताणलेल्या धाग्यांचीही छायाचित्रे त्यांत आहेत. जाळीची रेखांकने आणि मागावरील ताणा-बाणा यांतील साम्य अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे.

हातमाग व यंत्रमाग यांच्या परंपरेत वाढलेल्या सोलापूरच्या वाचकाला हे साम्य अधिक नेमकेपणाने तपासता येईल. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, आधी ताणून बसविले जातात. त्यांतून आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्याच्या साहाय्याने ये-जा करतो. ताणा स्थिर असतो, बाणा गतिमान. कापडाची घट्ट वा विरळ वीण या दोहोंतील अंतरावर अवलंबून असते. सोलापुरी चादरीवरील नक्षी प्रत्यक्ष विणण्यापूर्वी चौकटींच्या कागदावर उतरविली जाते. त्यातील प्रत्येक चौकोन म्हणजे एका ठिकाणी उभा धागा वर राहील की खाली, याची सूचना असते. त्यावरून जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना छिद्रे पाडली जातात. म्हणजे नक्षीचा कागद हे सूचनांचे रेखांकन आहे. ते वाचता येणाऱ्या कारागिराला त्यात फूल दिसत नाही, तर धाग्यांचा क्रम दिसतो.

अमूर्त रेखांकनाचे वाचन याच प्रकारचे आहे. कारागीर ज्याप्रमाणे चौकोनांत 'हे कशासारखे दिसते' असे न शोधता 'येथे कोणता संबंध सांगितला आहे' असे पाहतो, त्याप्रमाणे वाचकाने रेषांचे संबंध पाहावयाचे असतात. मात्र साम्याबरोबर भेदही ध्यानात घ्यावयास हवा. नक्षीचा कागद पुनरावृत्तीसाठी असतो. त्यातील एकही चूक परवडत नाही, कारण ती प्रत्येक चादरीवर उमटेल. तो आपल्या व्याख्येप्रमाणे आराखडा आहे. नसरीन यांच्या रेखांकनातील खंड हा कोणत्याही कापडासाठी नाही. तो एकदाच घडतो आणि त्या कागदापुरताच खरा असतो. म्हणून या रेखांकनांना 'विणकामाची चित्रे' म्हणणे योग्य होणार नाही. विणकामाचे तत्त्व त्यांत आले आहे, विणकामाचे दृश्य आलेले नाही.

आधुनिक कला आणि वस्त्रव्यवसाय यांचा आपल्याकडील संबंध केवळ योगायोगाचा नाही, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. चित्रकार प्रभाकर बरवे (1936-1995) यांनी साठच्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसी येथील विणकर सेवा केंद्रात काम केले होते. बडोद्याचे कलाध्यापक के. जी. सुब्रमण्यन यांनीही हातमाग मंडळासाठी मुंबईत काम केले. वस्त्रोद्योग आणि कलाशिक्षण यांच्यामध्ये त्या पिढीने जो पूल बांधला, त्याची आठवण वस्त्रोद्योगाच्या शहरातील महाविद्यालयांनी ठेवावयास हवी.

तिरकी रेषा आणि रिकामा अवकाश

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जाळी विरत जाते आणि तिरकी रेषा प्रधान होते. आडवी रेषा क्षितिजाची, उभी रेषा आधाराची जाणीव देते. दोन्ही कागदाच्या कडांना समांतर असल्याने स्थैर्य निर्माण करतात. तिरकी रेषा कडेशी कोन करते, त्यामुळे ती कोठून तरी आली आहे आणि कोठे तरी निघाली आहे असा भास होतो. एका बिंदूकडे निमुळत्या होत जाणाऱ्या तिरक्या रेषांचे समूह या काळातील रेखांकनांत दिसतात. ऐंशीच्या दशकात कागदाचा बहुतांश भाग कोरा राहतो. एखादा निमुळता कोन, एखादे बारीक कंस वा वर्तुळ अवकाशात तरंगावे तसे दिसते. जसजशी रेषांची संख्या घटते तसतसे प्रत्येक रेषेवरील भार वाढतो. एक रेषा काढून टाकली तर संपूर्ण रचना कोसळेल, अशी ही स्थिती आहे.

या टप्प्याचा विचार करताना त्यांच्या आजाराचा उल्लेख टाळता येत नाही. चेतासंस्थेच्या एका दुर्धर विकाराने त्यांचे शारीरिक हालचालींवरील नियंत्रण हळूहळू ढळत गेले. ज्या वर्षांत हात साथ देईनासा झाला त्याच वर्षांत त्यांची रेषा अत्यंत काटेकोर होत गेली. ही वस्तुस्थिती हृदयस्पर्शी आहे, परंतु तिचा उपयोग सावधपणे करावयास हवा. रेखांकनाकडे आजाराचा दस्तऐवज म्हणून पाहिल्यास आपण पुन्हा रेषेपासून दूर जातो. काटेकोरपणाची वाट त्यांनी आजार बळावण्याच्या पुष्कळ आधी धरली होती. आजाराने ती वाट अवघड केली, निर्माण केली नाही. एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येईल की, उपकरणांच्या साहाय्याने ओढलेली रेषा ही निर्विकार, यांत्रिक असते हा समज या कृतींपुढे टिकत नाही. पट्टीचा आधार घेतलेली रेषाही कष्टाने आणि निग्रहाने मिळविलेली असू शकते.

काही आक्षेपांचा परामर्श

अमूर्त रेखांकनावर सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, हे कोणालाही काढता येईल. पट्टीने सरळ रेषा ओढणे कोणालाही जमते हे खरे. परंतु शब्दकोशातील शब्द सर्वांना उपलब्ध असूनही कविता सर्वांना लिहिता येत नाही. कोणती रेषा कोठे थांबवावी, हा निर्णय येथे कौशल्याचा भाग आहे. या आक्षेपाची परीक्षा सोपी आहे. विद्यार्थ्यांना कागद व पट्टी देऊन केवळ वीस आडव्या रेषांतून खोलीचा भास निर्माण करावयास सांगावे. अडचण कोठे आहे ते हाताला कळते.

दुसरा आक्षेप, ही कला पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे. नसरीन यांचे शिक्षण लंडन व पॅरिस येथे झाले आणि कँडिन्स्की, क्ले यांच्याविषयी त्यांना आस्था होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांच्या दृष्टीची जडणघडण अरबी आखातातील वाळवंट, मुघल वास्तू, कोकणचा किनारा आणि गायतोंडे यांचा सहवास यांतूनही झाली. जाळी ही कोणा एका खंडाची मालमत्ता नाही. वस्त्र, जाळीदार गवाक्ष, ठिपक्यांची रांगोळी या सर्वांत ती आपल्याकडे पूर्वापार आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कलेचा समाजाशी संबंध काय? दुष्काळ, विस्थापन, विषमता यांनी ग्रासलेल्या समाजात कोऱ्या कागदावरील चार रेषांचे औचित्य कोणते? या आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही, आणि तसे देण्याचा आव आणणेही योग्य नाही. एवढेच म्हणता येईल की, कला समाजाला ज्या अनेक प्रकारे उपयोगी पडते त्यांपैकी अवधान शिकविणे हा एक प्रकार आहे. जो विद्यार्थी दोन रेषांमधील सूक्ष्म फरक संयमाने पाहू शकतो, तो आकडेवारीतील, दस्तऐवजातील आणि माणसांच्या बोलण्यातील सूक्ष्म फरकही टिपण्याची शक्यता अधिक असते. हा दावा मर्यादित आहे, पण अध्यापकाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

अध्यापनातील उपयोजन

वरील विवेचनातून अमूर्त रेखांकनाच्या वाचनासाठी चार प्रश्न सुचविता येतात. (1) रेषांची दिशा कोणती आहे आणि कागदाच्या कडांशी त्यांचे नाते काय आहे? (2) रेषांमधील अंतर समान आहे की बदलते, आणि बदलाचा काही क्रम आढळतो का? (3) नियम कोठे मोडला आहे? (4) कोरा सोडलेला भाग कोणते कार्य करतो? या चारही प्रश्नांची उत्तरे कृतीकडे पाहूनच द्यावी लागतात. त्यामुळे 'काहीच नाही' आणि 'काहीही चालेल' या दोन्ही टोकांपासून विद्यार्थी दूर राहतो. गणिताच्या वर्गात दुसरा प्रश्न श्रेढीच्या चर्चेशी, साहित्याच्या वर्गात चौथा प्रश्न कवितेतील मौनाशी, आणि वस्त्रतंत्राच्या अभ्यासक्रमात पहिला प्रश्न विणीच्या रचनेशी सहज जोडता येईल.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. नसरीन यांच्या रेखांकनांतील अनेक रेषा अतिशय फिकट आहेत. छापील पुस्तकात त्या पुसट होतात, झेरॉक्स प्रतीत तर नाहीशाच होतात, आणि प्रक्षेपकाच्या पडद्यावर जवळच्या रेषा एकमेकींत मिसळून भलतेच नमुने दिसू लागतात. कथा वा कविता जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यापर्यंत अविकृत पोहोचते, तसे या कलेचे होत नाही. तिचे अस्तित्व मूळ कागदाशी बांधलेले आहे, आणि मूळ कागद महानगरांतील मोजक्या संग्रहांत आहेत. सहली आखताना मुंबईतील कलासंग्रहालयांना अर्धा दिवस देणे हा त्यावरील सर्वांत साधा उपाय होय.

समारोप

नसरीन मोहमदी यांच्या कार्याची व्यापक दखल प्रामुख्याने त्यांच्या मृत्यूनंतर घेतली गेली. 2007 साली जर्मनीतील कासेल येथील 'डॉक्युमेंटा 12' या प्रदर्शनात त्यांच्या कृतींचा समावेश झाला. 2013 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाने आणि 2015 मध्ये माद्रिदच्या राइना सोफिया संग्रहालयाने त्यांची मोठी प्रदर्शने भरविली. 2016 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही आपली नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक त्यांचे होते. किहीमच्या किनाऱ्यावर अखेरचा काळ घालविलेल्या या कलावतीचे नाव मात्र महाराष्ट्रातील महाविद्यालयांत क्वचितच घेतले जाते.

हेपवर्थ यांनी युद्धकाळातील रात्री आणि नसरीन यांनी आजाराच्या छायेतील वर्षे रेषेच्या सोबतीने काढली. दोघींच्या बाबतीत रेखांकन हे मोठ्या कलाकृतीचे पूर्वसाधन नव्हते, तर विचाराचेच साधन होते. ते वाचण्यासाठी गूढ दृष्टीची वा विशेष प्रतिभेची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती थांबून पाहण्याची, अंतरे मोजण्याची आणि नियम मोडतो त्या जागी प्रश्न विचारण्याची. मागावर बसणाऱ्या कारागिराला तुटलेला एक धागा हजारांतून दिसतो. ही नजर आपल्या शहराला अपरिचित नाही. तिला वर्गात स्थान देणे एवढेच अध्यापकांच्या हाती आहे, आणि ते अगत्याने केले पाहिजे.